डाग पडला की साडी परत

वडगावात परशरामअण्णांचं घर पूर्वी मागाच्या आवाजावरनं सापडायचं. आता पार्सलावरनं सापडतं. डिलिव्हरीवाला गल्लीच्या तोंडालाच गाडी लावतो आणि ओरडतो, "आक्का, आलं बघा!" मग अण्णांच्या पत्नी इंदुताई दुखरा गुडघा सावरत, पदराला हात पुसत अशा लगबगीनं बाहेर येतात की बघणाऱ्याला वाटावं, माहेराहून कुणी आलंय. येतं काय? रंग. ब्रश. रंगीत चिकटपट्ट्या. ते सगळं ठेवायला डबे. आणि डबे ठेवायला जागा पुरेना म्हणून आणखी एका पार्सलात घडीचं कपाट.

हे खूळ शिरलं गुडघ्याच्या ऑपरेशनानंतर. डॉक्टरांनी सांगितलं, खाली बसायचं नाही, यंत्रमागापुढं तर मुळीच उभं राहायचं नाही, जिने चढायचे नाहीत. म्हणजे बाईनं जन्मभर जे केलं त्यातलं काहीच करायचं नाही. सून रक्षा बँकेत नोकरीला. ती सकाळी निघताना सासूच्या हातात जुना मोबाईल देऊन गेली, "आत्ती, जरा मन रमवा." पोरीचा हेतू चांगला होता, पुढचं तिला तरी कुठं ठाऊक! इंदुताईंचं मन भजनात रमलं नाही, मालिकांत रमलं नाही, ते रमलं कुठल्याशा परदेशी बाईच्या हातांत. त्या बाईचं तोंड कधी दिसत नाही, नुसते हात. ते हात एक जाड वही उघडतात, तीत पानंफुलं रंगवतात, जुनी तिकिटं चिकटवतात, बाजूला दोन ओळी लिहितात आणि वर एक रंगीत पट्टी मारतात.

"याला क्रिएटिव्ह जर्नलिंग म्हणतात, आत्ती," रक्षानं समजावलं. "मनात येईल ते वहीत उतरवायचं. चुकलं तरी चालतं. कुणाला दाखवायचं नसतं."

"मग ही बया साऱ्या जगाला का दावतीया?" परशरामअण्णांनी पेपरातनं डोकं वर काढून विचारलं.

पण इंदुताईंनी मनावर घेतलं. त्या रक्षाला घेऊन खडेबाजारात गेल्या आणि एका स्टेशनरीच्या दुकानात अशा बसल्या की जणू लग्नाचा बस्ता बांधायचाय. दुकानदारानं नवशिक्यांचा रंगसेट पुढं ठेवला. इंदुताईंनी वहीचा कागद अंगठ्यानं चोळून बघितला, उजेडाला धरला, "यातलंच जरा जाड दावा" म्हणाल्या, आणखी जाड दाखवल्यावर "यात पांढरं शुभ्र न्हाय व्हय?" असं विचारलं. दुकानदार शिडी लावून वर चढला. उतरला तेव्हा त्याच्या हातात तीनशे जीएसएमची, दोऱ्यानं शिवलेली, खरबरीत पानांची वही होती. इंदुताईंनी ती छातीशी धरली. सोबत रंगांच्या वड्यांची पेटी घेतली, बारीक, मध्यम, जाड आणि पंख्यासारखा असे ब्रश घेतले, शाईचे पेन घेतले. एवढ्यावर भागलं असतं, तर गोष्ट इथंच संपली असती. पण मोबाईलमधली बाई रोज नवी वस्तू वापरायची, आणि ती वस्तू आपल्याकडं नाही म्हणूनच आपलं चित्र अडलंय, असं इंदुताईंना रोज नव्यानं पटायचं.

चित्र अडलं होतं हे खरं. सहा महिने होत आले तरी वहीचं पहिलं पान कोरंच होतं. सगळं सामान कपाटात, न वापरलेल्या स्टीलच्या डिनर सेटशेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट बसलेलं. या घराचा नियमच तो. चांगली वस्तू आली की, "चांगलं हाय, ऱ्हाऊ दे." इंदुताई दुपारी कपाट उघडत, रंगांची पेटी काढत, झाकण उघडून वड्या बघत, वास घेत, आणि झाकण लावून टाकत. मग दमल्यासारख्या चहा करून घेत.

यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण कारणही ऐकून घ्या. इंदुताई लग्न होऊन या घरात आल्या त्या हळदीच्या हातांनी. सासूनं चारच दिवसांत मागावर बसवलं. पहिली साडी उतरली, काठ सरळ, पोत घट्ट, पण पदराजवळ बोटभर पिवळा डाग. हळद! व्यापाऱ्यानं साडी परत पाठवली. सासूनं त्या दिवशी जे तोंड सोडलं ते आख्ख्या गल्लीनं ऐकलं. "डाग पडला की साडी परत," हे वाक्य इंदुताईंच्या कानात तेव्हा जे बसलं ते बसलंच. पुढं इतकी वर्षं त्या कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय कधी मागाला शिवल्या नाहीत. तापात असल्या तरी नाही. आता त्याच हातांना कुणी म्हणालं, हे घे पांढरंशुभ्र, आणि पाड यावर मनाला येईल तसला डाग, तर ते हात ऐकतील होय?

रक्षा म्हणाली, शिबिराला चला. टिळकवाडीत रचना मॅडमचं 'मनमोकळं रंगूया' नावाचं एका दिवसाचं शिबिर होतं. पहिला तास फलक कुठल्या भाषेत वर आणि कुठल्या भाषेत खाली, यात गेला. शेवटी फलक आडवा धरून फोटो काढला आणि सगळ्यांचं समाधान झालं. दुसरा तास बायकांनी एकमेकींच्या पेट्या बघण्यात घालवला. "हा रंग कुठं मिळाला?" "पुण्याहून मागवला." "मग हा गोव्याचा." मॅडम म्हणाल्या, "इथं चूक असं काही नसतंच, मैत्रिणींनो!" आणि लगेच पुढच्या बाईच्या हातातला ब्रश काढून घेऊन तिचं फूल दुरुस्त केलं. इंदुताईंनी वही पिशवीतनं काढलीच नाही. जेवण मात्र चांगलं होतं असं त्यांनी घरी येऊन सांगितलं.

परत आल्यावर त्यांना शोध लागला की, अडचण जागेची आहे. टेबल पाहिजे, उजेड पाहिजे, शांतता पाहिजे. पुढच्या खोलीत अण्णांचे दोन यंत्रमाग दिवसभर खडखडणार, मधल्या खोलीत टीव्ही. राहिली मागची खोली. तिथं जुना हातमाग होता, अण्णांच्या वडलांपासूनचा. दहा-बारा वर्षं त्याच्यावर धागा चढला नव्हता. त्यावर आता कांद्याची पिशवी, फाटकी छत्री आणि बेंगळुरूला असलेल्या लेकाची, म्हणजे रक्षाच्या नवऱ्याची, मंथनची, कॉलेजची पुस्तकं होती.

"माग काढूया तिथनं," इंदुताईच म्हणाल्या. हो, त्याच म्हणाल्या. "खोली मोकळी हुईल."

अण्णांनी पेपर खाली घेतला. मग म्हणाले, "काढूया." आणि पेपर परत वाचायला लागले. पान उलटायचं मात्र विसरले.

जुन्या वस्तूंचा दलाल भरमू दुसऱ्याच दिवशी माग बघून गेला. त्याच्याकडं गिऱ्हाईक तयार होतं. कणकुंबीच्या वाटेवर कुणी नवं रिसॉर्ट काढत होतं, त्यांना दर्शनी खोलीत ठेवायला हातमाग पाहिजे होता. "त्येच्यावर कुंड्या ठेवणार हाईत, लई झ्याक दिसतंय," भरमू म्हणाला. "दसरा झाला की टेम्पो घिऊन येतो."

तो गेल्यावर इंदुताई मागच्या खोलीत गेल्या. मागाच्या उजव्या खांबाला एक दशी बांधलेली होती. तीच, परत आलेल्या पहिल्या साडीची. मागावरनं साडी कापली तेव्हा उरलेल्या धाग्यांचा झुबका त्यांनी ती परत आल्यावर रडत रडत खांबाला बांधला होता, आणि तेलानं, धुळीनं, धुरानं तो आता कुठल्याच रंगाचा उरला नव्हता. त्यांना भडभडून आलं. आपणच सांगून बसलो! आता माघार घ्यावी तर अण्णा म्हणणार, बाईचं एक बोलणं ठाम न्हाय. रात्रीच्या जेवणाला त्यांनी सगळ्यांपुढं जाहीर केलं, "माग जायच्या आत मी त्येचं चित्र काढणार. पहिल्या पानावर. समोर बसून, बघून. एकदा गेला की कुठनं दिसणार?"

"फोटो काढू की," रक्षा म्हणाली.

"फोटो रिसॉर्टवाले बी काढतील," इंदुताई म्हणाल्या. "माझं मला काढायचंय."

आता हे एकदम सोपं होतं. वही आहे, रंग आहेत, माग समोर आहे. घटस्थापना झाली. इंदुताईंनी मागाची धूळ झटकली, कांद्याची पिशवी हलवली, खुर्ची मांडली. दुसऱ्या दिवशी उजेड बरोबर नव्हता. तिसऱ्या दिवशी बघितलेल्या व्हिडिओत एक डिंकासारखं द्रावण होतं, ते लावलं की पांढरी जागा पांढरी राहते, ते मागवलं. ते आलं तर पेन्सिल कडक निघाली. रक्षा बँकेतनं आल्यावर विचारायची, "झालं का आत्ती?" आणि आत्ती म्हणायच्या, "उद्या." अण्णा काही विचारत नव्हते, पण जाता-येता दारातनं पानाकडं डोकवायचे आणि "लई पांढरं आलंय हं चित्र," म्हणून पुढं जायचे. इंदुताईंना असला राग यायचा की ती पेटी त्यांच्या डोक्यात घालावी. पण पेटीचं झाकण गेलं असतं.

बघता बघता खंडेनवमी आली. त्या दिवशी वडगाव वेगळंच असतं. सगळे माग बंद. एरवी खडखडाटात ओरडून बोलणारी माणसं हळू बोलायला लागतात आणि कुणाचं कुणाशी भांडण आहे ते साऱ्या गल्लीला कळतं. अण्णांनी पहाटे अंघोळ करून यंत्रमाग पुसले, धोटे धुतले, कात्री घासली. पूजेच्या बाबतीत अण्णा एकदम कडक. घरात जे जे काम करतं त्याला त्याला हळदकुंकू लागलंच पाहिजे. यंत्रमाग झाले, स्कूटर झाली, मिक्सर झाला, रक्षाचा लॅपटॉप झाला. "मामा, थोडंसंच हं, बटणांत जाईल," रक्षा सासऱ्यांना म्हणत होती तोवर झेंडूसुद्धा वाहून झाला.

मग अण्णा ताट घेऊन मागच्या खोलीत आले. जुन्या मागाची ही इथली शेवटची पूजा. त्यांनी खांबांना कुंकू लावलं, दशीला लावलं, फणीवर फूल ठेवलं, हात जोडून जरा जास्तच वेळ उभे राहिले. डोळे उघडले तर समोर खुर्चीपुढच्या स्टुलावर वही उघडी आणि शेजारी रंगांची पेटी, ब्रश. इंदुताईंनी "आज काढायचंच" म्हणून मांडून ठेवलेलं आणि त्या पुरणाचं बघायला आत गेलेल्या. अण्णांनी सहा महिने त्या सामानाची टिंगल केली होती. पण आज खंडेनवमी. हीसुद्धा तिची हत्यारंच. ती तेवढी सोडायची? अण्णांनी झेंडू पाण्यात बुडवला, पेटीवर शिंपडला, वहीवर शिंपडला. ब्रशांना एकेक करून बोट लावलं. आणि मनोभावे एक चिमूट हळद आणि एक चिमूट कुंकू कोऱ्या पानावर वाहिलं.

तीनशे जीएसएमचा कागद, पाणी प्यायला टपलेलाच. इंदुताई नैवेद्याची वाटी घेऊन आल्या तेव्हा पानाच्या उजव्या अंगाला तांबडालाल डाग पसरत होता, आणि त्याच्या खाली पिवळा.

"अवं, हे काय केलंसा!" वाटी हातातनं सुटायचीच राहिली. "डाग पाडलासा की!"

"डाग? पूजा हाय ती!"

"सहा म्हैनं मी बोट लावलं न्हाय त्येला!"

"म्हणूनच म्हटलं, निदान देवाचं तरी लागू दे," अण्णा म्हणाले. पण आवाज पडला होता. त्यांनी धोतराच्या सोग्यानं पान टिपायला हात पुढं केला.

"हात लावू नगा! आणखी फासाल!"

रक्षा धावत आली. तिनं पान बघितलं आणि सरळ उपाय सांगितला, "आत्ती, एवढंच पान फाडून टाका ना." दोघंही तिच्याकडं वळली. पूजेचं पान फाडायचं? खंडेनवमीला? भांडत असलेली दोघं नवराबायको या एका मुद्द्यावर झटकन एक झाली. फाडायचं नाही. पुसायचंही नाही, कारण पूजा झालेल्या हत्याराला दुसऱ्या दिवशी पूजा उतरवेपर्यंत शिवायचं नसतं. म्हणजे इंदुताईंनी दिवसभर खुर्चीवर बसून त्या डागाकडं नुसतं बघायचं. बघितलं त्यांनी. पुरणपोळी खाल्ली नाही. अण्णांनीही एकच खाल्ली, आणि तीसुद्धा चोरून दोन वेळा हिच्याकडं बघत.

दसऱ्याला सकाळी अण्णा पूजा उतरवतात न उतरवतात तोच दारात टेम्पो. भरमू, बरोबर एक सुतार.

"आरं, दसरा झाल्यावर येतो म्हणालतास न्हवं?"

"अण्णा, रिसॉर्टवाले म्हणाले, घ्यायचंच हाय तर मुहूर्तावर आणा. साडेतीन मुहूर्तांतला हाय आज." भरमूनं चपला काढल्या. सुतारानं आत जाऊन पाचरीवर पहिला हातोडा घातलासुद्धा.

तो आवाज इंदुताईंच्या काळजात गेला. त्या लंगडत मागच्या खोलीत आल्या आणि ओरडल्या, "थांब रं भरमू! हात लावू नगस!" मग खुर्चीत बसल्या, वही मांडीवर ओढली. डाग तसाच होता, वाळून आणखी गडद झालेला. साडी तर परत आलीच होती. आता राखायचं काय? त्यांनी हातसुद्धा धुतले नाहीत. स्टीलच्या वाटीत पाणी घेतलं, हाताला लागला तो ब्रश उचलला, समोर आली त्या वडीत बुडवला आणि पानावर सरळ उभा एक फराटा ओढला. तो मागाचा खांब.

मग मात्र त्या थांबल्या नाहीत. फराट्यावर फराटे. रंग ओघळला, तर ओघळला. डिंकाचं द्रावण, पंख्याचा ब्रश, शाईचे पेन, सगळं कपाटात बसून राहिलं. सुतार बघतच राहिला. भरमू घड्याळ बघायला लागला, "आक्का, मुहूर्त जातोय."

"जाऊ दे," अण्णा दारातनं म्हणाले. "बस. च्या पी." त्यांनी स्वतः चहा ठेवला. चहा पिऊन झाल्यावर चिवडा आणला. चिवडा झाल्यावर भरमूला त्याच्या मेव्हण्याच्या लग्नाचं विचारलं, कारण भरमू एकदा त्या विषयावर लागला की अर्धा तास कुणी उठवू शकत नाही हे अख्ख्या वडगावाला ठाऊक आहे.

शेवटी इंदुताईंनी ब्रश वाटीत टाकला. "घ्या," त्या म्हणाल्या. "न्या आता."

पाचरी निघाल्या, खांब आडवे झाले, दशीसकट टेम्पोत चढले. टेम्पो कोपऱ्यावर वळेपर्यंत अण्णा दारात उभे होते. आत आले तेव्हा खोलीत मागावर बसून पाय सोडायचा तेवढा खड्डा उरला होता. रक्षा मोबाईल घेऊन आली, "आत्ती, कसलं भारी झालंय! ग्रुपवर टाकू?"

"कुणाला दावायचं नसतं म्हणालीस न्हवं?" इंदुताई म्हणाल्या, आणि वही अण्णांपुढं धरली.

अण्णांनी चष्मा लावला. माग जरा कलला होता, फणी फार मोठी झाली होती. पण उजव्या खांबाला, जिथं कुंकू सांडलं होतं, तिथं इंदुताईंनी त्या डागाला चार धागे काढून त्याची दशी केली होती. तांबडी.

अण्णांनी त्या दशीजवळ बोट नेलं. मग म्हणाले, "चुकलंय."

"काय चुकलंय?"

"ती हिरवी हुती."

"तांबडी हुती. मी विणलीया, मला ठाव न्हाय?"

"हिरवी! परत आली ती साडी, तर तूच नेसलीस. त्या दिवाळीला देवळात गेलतीस, डाग आत मुडपून. मी मागनं चालत हुतो." अण्णांनी चष्मा काढून पुसला. "हिरवीगार. लई ग्वाड दिसत हुतीस."

साडीची कधीच वाकळ झाली होती, वाकळही विरून गेली होती, दशी टेम्पोत बसून कणकुंबीला निघाली होती. आता कोण खरं सांगणार? आणि इतक्या वर्षांत हे एकदा बोलता आलं नव्हतं व्हय या माणसाला? इंदुताईंना राग आला, हसू आलं आणि रडूही, सगळं एकदमच.

"माझ्या पानावर तांबडीच ऱ्हाणार," त्यांनी वहीचं पुढचं पान उलटलं. पांढरं शुभ्र. ब्रश अण्णांपुढं केला. "हितं तुमी काढा तुमची हिरवी."

अण्णा गडबडून उठले आणि कोपरापर्यंत हात धुवायला मोरीकडं निघाले.

"अवं, बसा की खाली," इंदुताईंनी त्यांचा सदरा मागनं धरला. "ऱ्हाऊ द्या ते हात. पडू दे डाग."